वाट महाथात आणि माझी वाट

आज पहाटे सहाच्या आधीच फोन किणकिणला. उगवता सूर्य, दोन कमळे आणि त्यांच्या खाली ‘शुभ सकाळ, साष्टांगराव’ असा मजकूर होता. साष्टांगराव हे माझे नाव नव्हे. ते मला तीन आठवड्यांपूर्वी थायलंडमधल्या अयुथया या गावी एका झाडाखाली पडले, आणि ज्या गृहस्थांनी ते पाडले त्यांचे स्वतःचे नाव मला अजूनही ठाऊक नाही. फोनमध्ये मी त्यांना ‘पांढरी टोपी’ म्हणून साठवून ठेवले आहे.

बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवरचे हे शहर १३५० च्या सुमारास तीन नद्यांच्या वेढ्यात वसले, चारशेहून अधिक वर्षे सियामची राजधानी म्हणून नांदले आणि १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ते लुटून, जाळून उद्ध्वस्त केले. एवढे सगळे पत्नीने मला आगगाडीत मोठ्याने वाचून दाखवले होते, त्यामुळे होडीने पासाक नदी ओलांडून आम्ही वाट महाथातच्या दारात पोहोचलो तेव्हा मी भारावून जाण्याच्या पूर्ण तयारीत होतो. थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर किंवा मठ. पुढच्या अर्ध्या तासात ती मला मराठी अर्थानेही लागली.

या मंदिराच्या आवारात एका झाडाच्या मुळांनी बुद्धाचे दगडी मस्तक कवटाळून धरले आहे. धड कुठेच नाही. मुळांच्या जाळ्यातून फक्त तो शांत चेहरा बाहेर पाहतो. ते तिथे कसे आले याबद्दल दोन तर्क केले जातात: एक, विध्वंसानंतर ते तसेच पडून राहिले आणि मुळे त्याच्याभोवती वाढत गेली, दुसरा, कोणा चोराने पळवून नेताना ते तिथे टाकून दिले. मस्तक जमिनीपासून फार उंच नाही, आणि त्याच्याजवळ छायाचित्र काढून घेणाऱ्याचे डोके बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर असता कामा नये, असा तिथला नियम आहे. नियम अगदी रास्त आहे. अडचण माझ्या गुडघ्यांची होती.

माझे आजोबा उकिडवे बसून दाढी करीत, उकिडवे बसून वर्तमानपत्र वाचीत आणि त्याच बैठकीत भावकीतले तंटेही सोडवीत. आमच्या घरात आधी जेवणाचे टेबल आले, मग कमोड आला, आणि दोघांनी मिळून माझे गुडघे केवळ शोभेचे करून टाकले. गेल्या वर्षी डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली, तेव्हा मला वाईटसुद्धा वाटले नाही, कारण बसायची वेळच येत नव्हती. ती आली एप्रिलच्या उन्हात, परदेशात, मागे जोडप्यांची रांग ताटकळत असताना. रखवालदाराने अतिशय नम्रपणे तळहात खाली-खाली करून खूण केली. मी कमरेत वाकलो आणि माझ्या तोंडून ‘आई गं’ निघाले.

“मराठी का?” मागून आवाज आला.

कमरेत काटकोन झालेल्या माणसाला खोटे बोलणे जमत नाही. मी हो म्हणालो.

“कुठले?”

“ठाण्याचा.”

“ठाण्यात कुठे? नौपाडा की घोडबंदर?”

“नौपाडा.”

“राम मारुती रोडच्या अलीकडे की पलीकडे? आमचे मेहुणे अलीकडे राहतात. अहो, पण तुम्ही आधी खाली बसा! तो बिचारा केव्हाचा खुणावतोय. आपल्याच अयोध्येत आपण नियम पाळायचे नाहीत, तर कोणी पाळायचे?”

अयुथया हे नाव अयोध्येवरून आले हे खरेच आहे, आणि थायलंडच्या आजच्या राजघराण्यातले राजे राम या बिरुदाने ओळखले जातात हेही खरे. परंतु एवढ्या भांडवलावर हे गृहस्थ सकाळपासून त्या अवशेषांमधून यजमानासारखे वावरत होते. परदेशी पाहुण्याचे महाग तिकीट काढावे लागल्याची सल मात्र त्यांच्या मनात ताजी होती. थाई अंकांत लिहिलेला स्थानिकांचा दर त्यांनी देवनागरीच्या जोरावर वाचून काढला होता, आणि ज्याला अंक वाचता येतात तो परका कसा, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल त्यांनी तिकीट देणाऱ्या मुलीला मराठीतून विचारला होता, असे त्यांनीच मला सांगितले. मी अजून वाकलेलाच होतो.

“गुडघे वाकत नाहीत हो,” मी म्हणालो.

“मग पाय पसरून बसा. लाज कसली?”

मी एक हात जमिनीवर टेकवून कसाबसा बसलो आणि पाय लांब केले. रखवालदार सावलीतून लगबगीने आला. शरीरात डोके सर्वांत पवित्र आणि पाय सर्वांत हीन, असे थाई लोक मानतात, आणि माझे दोन्ही तळवे नेमके बुद्धाच्या चेहऱ्याकडे रोखलेले होते. मी घाईने बैठक फिरवली, तर पत्नी म्हणाली, “आता पाठ केलीत.” तोवर त्यांच्या सहलीतल्या पांढऱ्या टोप्यांचा सबंध जथा जमला होता, आणि माझ्या बैठकीचा प्रश्न सार्वजनिक झाला होता. कोणी वज्रासन सुचवले, कोणी काखेत हात घालून उचलण्याची तयारी दाखवली. अखेर गृहस्थांच्या सौभाग्यवतींनी, हळदीकुंकवाला बायका बसतात तसे दोन्ही पाय एका बाजूला दुमडून कसे बसायचे, ते करून दाखवले, आणि देवळात बसण्याची थाई रीत नेमकी तीच असल्याने रखवालदाराने हसून मान डोलावली. सत्तरीच्या पुढची एक थाई आजी शेजारी तशीच सहज बसली, हात जोडले आणि कोणाचाही आधार न घेता उठूनही गेली. तिला उठताना पाहण्याची शिक्षा मला वेगळी द्यायला नको होती.

त्या अवस्थेत मला ऐकवले गेलेले प्रवचन मी विसरू शकत नाही. आपल्या लोकांना आदर कसा तो राहिलेला नाही, कुठे कसे बसावे हे कळत नाही, असे सांगता सांगता गृहस्थ म्हणाले, “आमच्या तळेगावच्या बंगल्यात बुद्धाचे केवढे तरी मोठे डोके आहे, कारंज्यात. डोक्यावरून पाणी पडते. इतके शांत वाटते म्हणून सांगू!” मला हसू आले नाही. माझ्या डाव्या हाताला बिनडोक्याच्या बुद्धमूर्ती ओळीने बसल्या होत्या. त्यांतली सगळीच डोकी काही युद्धात गेलेली नाहीत; पुढच्या काळात चोरांनी ती छाटून नेली, कारण धडापेक्षा डोके न्यायला सोपे आणि दिवाणखान्यात ठेवायला सोयीचे असते. हौशी संग्राहकांनी ती विकत घेतली, मग त्यांच्या प्रतिकृती आल्या, मग फायबरच्या प्रतिकृती आल्या, आणि आज आपल्याकडे उपाहारगृह असो की मालिश केंद्र, धडावेगळे केलेले ते मस्तक दिसल्याशिवाय कोणाला शांत म्हणून वाटत नाही. मी हे सगळे त्यांना सुनावणार होतो. परंतु माझ्याही घरात तसेच एक मस्तक आहे, चपलांच्या कपाटावर, मनी प्लांटच्या शेजारी, आणि पत्नी माझ्याकडे रोखून पाहत होती.

मग उठण्याचा प्रसंग आला. बसताना निदान गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूचे असते. मी आधी एक हात टेकला, मग दुसरा, मग गुडघे, आणि क्षणभर सर्वांगाने त्या धुळीत पालथा झालो. माझे छायाचित्र काढायला घेतलेला माझा फोन गृहस्थांनी पत्नीकडे परत दिला होता. हा फोटो त्यांनी स्वतःच्या फोनवर काढला. “पाठवतो, नंबर द्या,” ते म्हणाले, आणि ज्याचे कोपर तिघांनी धरलेले आहे तो नंबर देतोच.

संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या सहलीच्या व्हॉट्सॲप गटात दाखल झालो होतो. त्या सहलीशी माझा काडीचा संबंध नाही. फोटोखाली ‘भक्ती असावी तर अशी’ असे लिहिले होते, आणि त्यावर बावीस माणसांनी हात जोडले होते. बाहेर पडावे तर गटाच्या ॲडमिनला तसे कळते, आणि मग ॲडमिन असलेले गृहस्थ फोन करून काय बिनसले ते विचारतात. पुण्याच्या एका बाईंच्या बाबतीत ते मी पाहिले आहे. मुळांमधल्या त्या मस्तकाचे माझ्याकडे एकही चांगले छायाचित्र नाही. चपलांच्या कपाटावरचे मस्तक मी परवा पुस्तकांच्या फळीवर हलवले, तर मनी प्लांट एकटा वाईट दिसतो, अशी घरातून तक्रार आली.

आजच्या सूर्याच्या पाठोपाठ गटात गुडघ्यांच्या एका तेलाची माहिती आली आहे, तीही खास साष्टांगरावांसाठी. मी ते मागवलेले नाही. फक्त किंमत विचारली आहे.