तडजोड नेमकी कशाला म्हणायची?

‘संकटकाळाआधी मंडळी उचलली जाईल’, म्हणजे शेवटच्या काळातल्या मोठ्या संकटाआधी ख्रिस्त आपल्या विश्वासणाऱ्यांना वर घेऊन जाईल, हे न मानणारे पाळक (पास्टर) सत्याशी तडजोड करतात, असं एका लेखात वाचलं. ते विधान मला पटलं नाही. लेखकाची तळमळ मात्र पटली. प्रभूच्या दुसऱ्या आगमनावर उपदेश खरोखरच कमी झालाय. आशीर्वाद, नोकरी, घर यांवर तासभर बोलतात, न्यायाच्या दिवसाचं नाव नाही. ही तडजोडच आहे, आणि ती मला फार बोचते.

पण ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल, एवढं निकेयाच्या विश्वासांगीकारात (चर्चच्या जुन्या श्रद्धा-कबुलीत) आहे आणि ते सगळेच मानतात. संकटकाळाआधी गुप्तपणे उचललं जाण्याची मांडणी पसरली ती 19व्या शतकात, जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकापासून. त्यावर मतभेद असणं म्हणजे धर्मत्याग कसा?

उलट काहींनी प्रभूच्या येण्याची तारीखच ठरवली. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ला त्याची वाट पाहिली. अमेरिकन रेडिओ-उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे 2011 ही तारीख सांगितली, मग ऑक्टोबर, आणि 2012 मध्ये चूक कबूल केली. तोवर कितीतरी साध्या माणसांनी नोकऱ्या सोडल्या होत्या, साठवलेले पैसे जाहिरातींवर घातले होते. ‘तो दिवस कोणालाच ठाऊक नाही’ असं सांगणारं मत्तय 24:36 समोर असताना! याला तडजोड का म्हणू नये?

वडिलांच्या दफनाच्या वेळी आमच्या पाळकांनी बायबलमधला 1 थेस्सलनीका 4 वाचला होता, प्रभूच्या येण्याविषयीचा. ‘या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा’ असं प्रेषित पौल तिथे सांगतो. आई आजही तोच अध्याय काढून बसते.