खुलासा : ‘भावना दुखावल्या की चित्रपटावर बंदी’ असा कायदा नाही

गोव्यात म्हापसा, डिचोली, फोंडा भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ‘एखाद्या समाजाच्या भावना दुखावल्या, तर राज्य सरकारला चित्रपट बंद करावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे.’

हे चूक आहे. निकाल आहे तो जवळजवळ उलटा. १९८९ मध्ये एस. रंगराजन खटल्यात आरक्षणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाचं प्रमाणपत्र मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. निदर्शनं होतील, हिंसाचार होईल अशी धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही, सुव्यवस्था राखणं हे सरकारचंच काम, असं न्यायालयाने बजावलं. २०१८ च्या जानेवारीत ‘पद्मावत’वरची राजस्थान आणि गुजरातची बंदीही याच न्यायालयाने स्थगित केली.

अभिव्यक्तीवर बंधनं घालण्यासाठी घटनेच्या कलम १९(२) मध्ये सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी अशी कारणं आहेत. ‘भावना’ हा शब्द तिथे नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ धार्मिक भावनांबद्दल आहे, पण त्यासाठी जाणूनबुजून, द्वेषबुद्धीने केलेला अपमान लागतो.

मग गोंयकाराने गप्प बसायचं? मुळीच नाही. पडद्यावरचा गोव्यातला ख्रिस्ती माणूस वर्षानुवर्षं दारूच्या बाटलीसकटच दिसतो. आमचे शेजारी असे नाहीत आणि त्याचा मला मनापासून राग येतो. तो लिहून सांगा, परीक्षणात झोडा, सेन्सॉर बोर्डाकडे तक्रार करा, न्यायालयात जा. हा खोटा मजकूर मात्र पुढे पाठवू नका.