स्टोनहेंज १९५४ साली बांधलं म्हणे!

क्रेनला लटकलेली अजस्र शिळा, खाली उभे कामगार, आणि ठळक अक्षरांत मथळा : 'स्टोनहेंज पाच हजार वर्षांचं नाहीच! १९५४ ते १९५८ मध्ये सिमेंट ओतून उभारलं.' इंग्लंडमधल्या त्या प्राचीन शिळांच्या वर्तुळावरचा हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय.

फोटो खरे आहेत. १९५८ साली क्रेन लावली, काही दगडांच्या बुडाशी काँक्रीट ओतलं, हेही खरं. पण उचलले ते कोणते? १७९७ साली कोसळलेले तीन, म्हणजे दोन उभे नि त्यांच्यावरचा आडवा. शिवाय ३१ डिसेंबर १९०० ला पडलेला एक खांब आणि त्याच्या माथ्यावरची शिळा. पडकी भिंत नव्याने बांधली म्हणून वाडा कालचा ठरतो का?

'आधी तिथे नुसतं माळरान होतं,' असंही हा फॉरवर्ड म्हणतो. मग चित्रकार कॉन्स्टेबलने १८३५ साली जलरंगात काय रंगवलं? १९१५ साली लिलावात सेसिल चब नावाच्या वकिलाने ६,६०० पौंड मोजून काय घेतलं, माळरानावरचं गवत? माझा लाडका साक्षीदार मात्र डार्विन. १८७७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, हा गृहस्थ तिथल्या पडलेल्या शिळांच्या कडेला खणून बघत होता. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात, त्याने दगड किती रुतलेत हे त्याला मोजायचं होतं.

'कार्बनवरून दगडाचं वय निघत नाही.' अगदी बरोबर, ते निघतं एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींचं, म्हणून दगडाचं काढतच नाहीत. भोवतीचा चर हरणाच्या शिंगांनी खणला होता. ती शिंगं चरातच सापडली आणि त्यांचं वय निघालं इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास. मोठे दगड त्यानंतर सुमारे ५०० वर्षांनी आले.

'कशासाठी बांधलं ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे बनाव!' आवारात जाळलेल्या माणसांची हाडं पुरलेली सापडली आहेत, आणि रचनेचा रोख उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे आहे. तिथे नेमके विधी काय चालत, ते कळत नाही. लिपी नसलेल्या लोकांचं ते कळायचं तरी कसं?

गंमत पुढेच आहे. त्याच १९५८ च्या दुरुस्तीत एका तडकलेल्या खांबाला आरपार भोकं पाडून धातूच्या सळ्या घातल्या. भोकातून निघालेली मीटरभर लांबीची दगडी कांडी एका कामगाराने आठवण म्हणून जपली आणि साठ वर्षांनी परत केली. २०२० साली तिच्या रासायनिक तपासणीतून कळलं, की बहुतेक मोठ्या शिळा उत्तरेला २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्स नावाच्या रानातून आणल्या होत्या.