लॉबीत कुणीच नसेल तेव्हाचं काय?

कॉन्कॉर्ड नावाचा गेम आठवतोय का कुणाला? नसेलच आठवत, तेवढा टिकलाच नाही बिचारा. सोनीने २३ ऑगस्ट २०२४ ला काढला, पाच विरुद्ध पाचचा शूटर (ऑनलाइन गोळीबाराचा गेम), किंमत ४० डॉलर, आणि ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद करून लोकांचे पैसे परत. ऑक्टोबरात तो बनवणाऱ्या फायरवॉक स्टुडिओलाही टाळं. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर, एका वेळी जास्तीत जास्त किती जण खेळत होते, तर ६९७. बरं गेम अगदीच टाकाऊ होता असंही नाही, ज्यांनी खेळला त्यातले बरेच म्हणत होते की गोळीबाराचा फील मस्त आहे. पण व्हॅलोरंट, ओव्हरवॉच २ असे तसलेच गेम फुकट पडलेले असताना ४० डॉलर मोजून कोण येणार, आणि जे आले त्यांनी खेळायचं कुणाशी? लॉबी, म्हणजे मॅच लागेपर्यंत प्लेअर जमतात ती जागा, रिकामीच!

हे आत्ता आठवलं कारण जुन्या ऑफिसातली पोरं मिळून एक मोबाइल गेम काढतायत, लाँच जवळ आलाय. मला म्हणाले, दादा तू बॅकएंडवाला ना, सर्व्हर किती लागतील ते बघून सांग. मी म्हणलं सर्व्हरचं नंतर बघू, आधी मला सांगा माणसाने 'प्ले' दाबल्यावर काय होतं? तर एका मॅचला ४० प्लेअर, सोलो, ड्युओ आणि स्क्वॉड (एकटा, जोडी आणि टीम) असे तीन प्रकार, दोन मॅप, वर रँक्ड (क्रमवारीसाठीच्या मॅच) आणि कॅज्युअल (नुसत्या मजेच्या) वेगवेगळं. ऐकायला भारी वाटतं. पण ३ गुणिले २ गुणिले २ म्हणजे १२ वेगळ्या रांगा झाल्या की रे! आता एका रांगेत मिनिटभरात मॅच लागायची असेल तर दर मिनिटाला ४० नवीन माणसं यायला हवीत, आणि एक माणूस मरेपर्यंत सरासरी १० मिनिटं आत राहतो असं धरलं तर एका रांगेसाठीच कायम ४०० जण ऑनलाइन पाहिजेत. बारा रांगांचे ४,८००. एका वेळी हां, दिवसभराचे नाही. आणि रँकप्रमाणे पाच गट पाडलेत ते मी यात धरलेलेच नाहीत, धरले तर रँक्डच्या सहाच रांगांच्या परत तीस होतात.

यावर उत्तर काय आलं तर प्री-रजिस्ट्रेशन चांगली आहेत आणि दोन इन्फ्लुएन्सर बोलून ठेवलेत. अरे पण प्री-रजिस्टर करणारा माणूस मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुमच्यासाठी बसलेला नसतो ना! रात्री नऊ ते अकरा गर्दी होईल, मान्य, पण ज्याला सकाळी दोन मिनिटं नुसतं गोल फिरणारं चक्र दिसलं तो संध्याकाळी परत येत नाही, आणि तो आला नाही म्हणून पुढच्याला अजून थांबावं लागतं, मग तोही जातो. गेम असाच मरतो, आणि त्यात ग्राफिक्सचा काही संबंध नसतो. उलट पुण्यात बसून बॅटल रॉयाल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला असा गेम) बनवता येतो हे सुपरगेमिंग कंपनीने इंडस हा गेम काढून दाखवलंच आहे, त्यामुळे कौशल्याबद्दल मला शंकाच नाही. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या दिवशी एक मॅप, एक प्रकार, बास. वीस माणसांसाठी हजार जणांचं मंगल कार्यालय कशाला बुक करायचं? गर्दी झाली की दुसरा मॅप उघडा, लोक त्याला अपडेट म्हणतील आणि खूशपण होतील.

मग बॉट्सचा, म्हणजे माणसाच्या जागी कॉम्प्युटर चालवतो त्या प्लेअरचा, विषय निघाला. बॉट टाकायला माझा अजिबात विरोध नाही. फोर्टनाइटसारख्या गेमनेसुद्धा २०१९ मध्ये बॉट आणले, आणि आणतोय असं आधी सांगून आणले. माझा विरोध आहे तो बॉटला 'रॉकी_पुणेकर९६' असं नाव देऊन माणूस म्हणून खपवायला. खेळणाऱ्या पोरांना तिसऱ्या मॅचला कळतं, झाडाला धडकून उभा राहणारा रॉकी कोण आहे ते! आणि एकदा कळलं की खऱ्या जिंकण्यावरचाही विश्वास उडतो.

खरंतर रिकाम्या लॉबीचं उत्तर आपल्या समोरच आहे. लुडो किंग नवी मुंबईतून निघाला. त्यात कॉम्प्युटरशी खेळता येतं, एकाच फोनवर चौघं खेळतात, कोड पाठवून मावशीला रूममध्ये घेता येतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्या घरांत तो पोचला तेव्हा अनोळखी प्लेअर शोधायची गरजच नव्हती, माणसं आपापली घेऊन आली. अमंग अस पण तसाच, जून २०१८ ला आला, दोन वर्षं फारसं कुणी विचारलं नाही, पण चार मित्र आणि एक कोड एवढ्यावर चालत होता म्हणून २०२० ची लाट येईपर्यंत जिवंत राहिला. आमच्या पोरांच्या गेममध्ये प्रायव्हेट रूम आहे का विचारलं तर म्हणे, ते सीझन दोनमध्ये. सीझन दोन!!

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकली. मॅच सोडली की पाच मिनिटं बॅन. का, तर शिस्त लागावी. पण आपल्याकडे माणूस मॅच सोडतो कधी? आईचा फोन येतो, गेम बॅकग्राउंडला जातो, कनेक्शन तुटतं. लाइट जाते, वायफाय बंद पडतं, फोन मोबाइल डेटावर जातो, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलतो, आणि तुमच्या सर्व्हरला वाटतं हा पळाला. याने काय गुन्हा केला? सर्व्हरने माणसाला आयपीवरून नाही तर टोकनवरून (लॉगिन करताना दिलेल्या ओळखखुणेवरून) ओळखावं, त्याचं कॅरेक्टर दीड-दोन मिनिटं जागेवर ठेवावं आणि आला की गुपचूप आत घ्यावं, हे काम फार तर आठवड्याचं आहे. त्यांनी तो आठवडा लाँच स्क्रीनच्या अ‍ॅनिमेशनला दिलाय.

सध्या एका मॅपवर तयार झालेत, रँक्ड पुढे ढकलतो म्हणाले, ड्युओवरून भांडण चालू आहे. मी सर्व्हरचा आकडा अजून दिलेला नाही. प्रायव्हेट रूम आणि रिजॉइन (कनेक्शन तुटलेल्याला परत आत घेणं) पहिल्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या पहिल्या आवृत्तीत, आले की देतो म्हणलंय.