कोर्स अर्धवट सोडला असेल!

औषध लागू पडलं नाही की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "कोर्स पूर्ण केला होता का?" टीबीच्या बाबतीत विचारा, माझी हरकत नाही. पण परवा एका डॉक्टर मित्राशी चागासवर बोलत होतो तर त्यानेही तेच सुरू केलं, लोक गोळ्या मध्येच सोडतात म्हणून जंतू निर्ढावतो, आणि माझं डोकंच फिरलं.

चागास म्हणजे लॅटिन अमेरिकेतला आजार. ढेकणाचा थोरला भाऊ वाटावा असा एक किडा मातीच्या भिंतीच्या भेगांमध्ये राहतो, रात्री झोपलेल्या माणसाच्या तोंडाला चावतो (म्हणून ब्राझीलमध्ये त्याला न्हावी म्हणतात, खरंच!), तिथेच घाण करतो, माणूस झोपेत खाजवतो आणि ट्रिपॅनोसोमा क्रूझी नावाचा जंतू अंगात जातो. मग वर्षानुवर्षं काहीच होत नाही, आणि साधारण तिघांतल्या एकाचं हृदय हळूहळू कामातून जातं.

चागासवर औषधं दोनच, बेंझनिडाझोल आणि नायफर्टिमॉक्स, दोन्ही पन्नास वर्षं जुनी. आणि दोन म्हणायचं तेही नावालाच. कारण या गोळ्या मुळात विष नाहीतच, जंतूच्या पोटातलं नायट्रोरिडक्टेज नावाचं एन्झाइम त्यांचं विष बनवतं, म्हणजे बेटा स्वतःच्या हाताने विष कालवून पितो. आता त्याने कालवायचंच बंद केलं तर? 2008 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की या एन्झाइमच्या जीनच्या दोन कॉपींपैकी एक जरी गेली तरी जंतू दोन्ही औषधांना बराच कमी दाद देतो. एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या घेऊन आपण बसलोय, कुलूपच बदललं तर करता काय!

बरं, हे सगळं पेशंटमुळे होतं का? ब्रेनर आणि फिलार्डी यांनी 1987 मध्येच दाखवलंय की रानातल्या प्राण्यांमधून आणि किड्यांमधून मिळालेले या जंतूचे काही स्ट्रेन, म्हणजे वाण, आधीपासूनच औषधाला जुमानत नाहीत. त्या प्राण्यांनी कुठला कोर्स अर्धवट सोडला होता?

आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट 2018 ची, अमेरिकेतल्या जॉर्जिया युनिव्हर्सिटीतल्या टार्लटन या संशोधकाच्या ग्रुपची. जंतूंना असा रंग दिला की प्रत्येक विभाजनात तो अर्धा अर्धा होत जातो. बाकीचे वाढता वाढता फिके पडले, पण अधूनमधून एखादा तसाच झगझगीत, म्हणजे तो वाढलाच नाही, पेशीत ढिम्म झोपून राहिला. असे झोपलेले काही 30 दिवस औषधात राहूनही वाचले आणि नंतर उठून पुन्हा वाढायला लागले! यात म्युटेशन म्हणजे जीनमधला बदल नाही, काही नाही, याला रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) तरी म्हणायचं का हाच मला प्रश्न पडतो.

आता पेशंटकडे बघा. साठ दिवस, रोज गोळ्या, अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, काहींच्या पायांना मुंग्या येतात. 2015 मध्ये आलेल्या, बेंझनिडाझोलच्या 'बेनिफिट' नावाच्या ट्रायलमध्ये चागासने हृदय बिघडलेले 2854 लोक होते आणि औषध घेणाऱ्यांपैकी जवळपास चौथाई लोकांना त्रासामुळे गोळ्या थांबवाव्या लागल्या, काहींना थोडे दिवस, काहींना कायमच्या. बरं, रक्तातला जंतू बऱ्याच जणांचा कमी झाला (ब्राझीलमध्ये चांगला, कोलंबिया-एल साल्वादोरमध्ये फारसा नाही, हेही लक्षात घ्या), पण आधीच बिघडलेलं हृदय काही वाचलं नाही.

म्हणून औषध टाकून द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये हां, तान्ह्या बाळांना पहिल्या वर्षात दिलं तर जवळजवळ सगळी बरी होतात. टार्लटन यांच्याच लोकांनी नंतर उंदरांमध्ये रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा मोठा डोस, पण कितीतरी जास्त आठवडे, असं करून झोपलेल्या जंतूंनाही गाठलं. माझ्या मते पैसा आणि डोकं इथे लागलं पाहिजे.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पण पेशंट बरा झाला हे कळतं कसं?" मोठ्या माणसात अँटीबॉडी जायला वर्षानुवर्षं लागतात आणि पीसीआर निगेटिव्ह आली तरी जंतू हृदयाच्या स्नायूत बसलेला असू शकतो. म्हटलं, लगेच कळत नाही रे, आणि तरी तू कोर्सचंच विचारतोस.