बाई, युद्ध आणि चौतीस नाकं

युद्धात देश चालवणाऱ्या बाईवर सिनेमा काढायचा म्हणता? मग आधी इंदिरा गांधींचं खोटं नाक ठरवा. इतिहास नंतर वाचला तरी चालतो. नाक सिलिकॉनचंच घ्या. जिलेटिनचं स्वस्त पडतं, पण नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ वर गेला की ते मऊ होऊन ओठांकडे निघतं. सिलिकॉनची कडही घामाने सुटते, पहिल्यांदा नाकपुडीपाशी. काढताना ती फाटतेच, म्हणून एक नाक एका दिवसाचं. तीस दिवसांच्या शूटिंगला तीस, वर चार जादा. केसांतली पांढरी बट विगातच विणून घ्या. रोज रंगवली तर रोज जागा बदलते, आणि पब्लिक तेवढंच बघून राहिलं असतं.

डिसेंबरात थंडी असते, पण तेव्हा अधिवेशन. सिव्हिल लाइन्समधले बंगले खऱ्या मंत्र्यांना लागतात. तुमच्या खोट्या मंत्रिमंडळाला कोण विचारतो बाप्पा?

१९७१ चं बांगलादेश युद्ध घेतलंत तर एप्रिल ते नोव्हेंबर कापून टाका. सैन्य तयार नाही, पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या फुगतील, हे लष्करप्रमुख माणेकशांनी सांगणं. ९ ऑगस्टचा सोव्हिएत करार. सुमारे एक कोटी निर्वासितांच्या पोटाचा हिशेब. सगळं वाट बघणं आणि फायली. त्यापेक्षा बाईंना खिडकीशी उभं करा, पदर उडू द्या. वाऱ्याला कूलर पुरे. वाळ्याच्या ताट्या काढा आणि पंप बंद ठेवा, नाहीतर साडी भिजून अंगाला चिकटते. भाषण मात्र डबिंगला ठेवा, कूलरच्या घरघरीत राष्ट्राला काहीच ऐकू येत नाही.

३ डिसेंबरला पाकिस्तानचा हल्ला झाला तेव्हा इंदिराबाई कलकत्त्यात होत्या. दिल्लीला परतून मध्यरात्रीनंतर रेडिओवर बोलल्या. तुम्ही दिल्लीतच ठेवा, विमानाचा सेट वाचतो. नागपूरच्या महाल भागातलं कुटुंब हे भाषण टीव्हीवर बघताना दाखवा. टीव्ही मुंबईतसुद्धा १९७२ च्या ऑक्टोबरात आला, पण रेडिओपुढची माणसं पडद्यावर फारच गप्प दिसतात. माणेकशांनाही आत्ताच फील्ड मार्शल करा, जानेवारी १९७३ पर्यंत कोण थांबतं?

परदेशी बाई हवी तर इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर. ६ ऑक्टोबर १९७३ ची सकाळ, इजिप्त आणि सीरियाचा हल्ला तोंडावर, बाईंचं वय ७५. सेनाप्रमुख एलाझार म्हणतात, राखीव सैन्याची पूर्ण भरती करा आणि आपणच आधी हल्ला करू. संरक्षणमंत्री दायान दोन्हीला राजी नाहीत. बाई भरतीला हो म्हणतात, हल्ल्याला नाही, कारण आपण सुरुवात केली तर अमेरिकेची मदत अडेल. दोन जनरलांमध्ये बसून हे तोलणं दाखवायचं म्हणजे नटी लागते. त्यापेक्षा सिगारेट पेटवा. फक्त दर शॉटला थोटकाची लांबी मोजा, नाहीतर संवाद पुढे जातो आणि सिगारेट वाढत जाते. एक प्रसंग स्वयंपाकघरातही हवाच. पुरुष पंतप्रधानाला नकाशा पुरतो, बाईला गॅसची शेगडी लागते.

शेवट ढाक्यात, १६ डिसेंबर. शरणागतीवर सह्या पाकिस्तानच्या जनरल नियाझींची आणि आपल्या जनरल अरोरांची. बाई तेव्हा दिल्लीत, संसदेत. तरी त्यांना ढाक्याच्या मैदानात उभं करून टाका. चार नाकं उरलीच आहेत.