कुत्र्याला जुलाब झाले की उपाशी ठेवायचं? फिरत्या मेसेजला उत्तर

पावसाळा सुरू झाल्यापासून आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कुत्र्याच्या जुलाबांवर घरचा इलाज, डॉक्टरकडे धावू नका.’ त्यात सहा गोष्टी सांगितल्या आहेत. दोन दिवस उपाशी ठेवा. आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं, पाणी पाजा, ते सलाईनच असतं. हळद घालून दूध द्या. तरी थांबलं नाही तर माणसांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी द्या. जुलाब म्हणजे जंतच, तेव्हा जंतांचं औषध पाजा. आणि गावठी कुत्रा गवत खाऊन आपला आपण बरा होतो, त्याला लस लागत नाही.

आमच्या वाड्यावरच्या एका घरी हा मेसेज वाचून तीन महिन्यांच्या पिल्लाला उपाशी ठेवलं होतं. मला हाक आली ती दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला. हिरड्या पांढऱ्याफटक, अंग थंड, मान उचलत नव्हतं. फोंड्याला पोचायच्या आधी ते माझ्या मांडीवर गेलं. त्या घरच्यांनी हयगय केली नव्हती. वाचलं ते त्यांनी अगदी मनापासून केलं होतं, आणि म्हणूनच मला हे लिहावंसं वाटलं. मी पशुवैद्य नाही. वीसेक वर्षं घरात कुत्री आहेत, आणि त्यातल्या एकाच्या लहान आतड्याच्या दुखण्यापायी वर्षभर दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. तेव्हा जे शिकले ते सांगते.

हा मेसेज लोकांना खरा का वाटतो, ते आधी पाहू. धडधाकट मोठ्या कुत्र्याचे साधे जुलाब बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपसूक थांबतात. कचऱ्यातलं काहीतरी खाल्लेलं असतं, ते निघून जातं. त्या दिवसांत तुम्ही हळद दिलीत तर हळदीनं बरा झाला असं वाटतं, शहाळं दिलंत तर शहाळ्यानं. गफलत होते ती आपोआप न थांबणाऱ्या दुखण्यात, आणि दोन्ही पहिल्या दिवशी सारखीच दिसतात.

पहिला मुद्दा उपाशी ठेवण्याचा. एक दिवस पोटाला विश्रांती द्यावी, असं पूर्वी डॉक्टरही सांगायचे, त्यामुळे हा सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही. पण लहान आतड्याच्या आतल्या अस्तराचा मामला वेगळा आहे. हे अस्तर काही दिवसांत पूर्ण नवं होत असतं, आणि त्याच्या पेशी आपलं बरंचसं पोषण आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. अन्न बंद झालं की अस्तर पातळ होतं आणि जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते. दक्षिण आफ्रिकेत पार्व्हो (आतड्याचा विषाणूजन्य आजार) झालेल्या ३० कुत्र्यांवर अभ्यास झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवलं, निम्म्यांना पहिल्या दिवसापासून नाकातल्या नळीनं थोडं थोडं अन्न दिलं. अन्न मिळालेली लवकर सावरली, त्यांचं वजनही वाढलं.

म्हणून उलट्या होत नसतील तर हलकं जेवण थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्यावं: मऊ भात किंवा पेज, सोबत कातडी-हाडं काढून उकडलेलं कोंबडीचं मांस. मीठ नको, तेल नको, कांदा-लसूण तर मुळीच नको, ते कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. भात कुत्र्याला पचत नाही, असंही हल्ली कुणी कुणी सांगतं. नीट शिजलेला भात पचतो. पिष्ट पचवणाऱ्या पाचकरसाचं जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त प्रतींमध्ये असतं, हे २०१३ साली दाखवून झालं आहे. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं राहिल्याची ती खूण. पिल्लाला मात्र कधीच उपाशी ठेवू नका. त्याच्या अंगात साखरेचा साठा नसतोच म्हणा ना. काही तासांत साखर उतरते, ते थरथरतं, मग शुद्ध हरपते.

आडसराच्या पाण्याबद्दल बोलताना मलाही जड जातं, कारण आपल्याकडे आजारी माणसाच्या उशाशी पहिलं तेच येतं. पण ते सलाईन नव्हे. सलाईनमध्ये मुख्य असतं ते सोडियम, म्हणजे मीठ, आणि जुलाबांत शरीर गमावतं तेही पाण्याबरोबर मीठच. शहाळ्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर. चार चमचे दिले म्हणून बिघडणार नाही, पण त्यावर विसंबून रात्र काढू नका. मूत्रपिंडं थकलेल्या कुत्र्याला तर वाढलेलं पोटॅशियम धोक्याचं. पाण्यात नीट कालवलेलं ओआरएस दर अर्ध्या तासानं थोडं थोडं चाटायला देणं त्याहून बरं. तेही पोटात ठरत असेल तरच. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच जागेवर बसली नाही, हिरड्या बोटाला चिकट लागल्या, तर शरीरातलं पाणी बरंच गेलेलं असतं. तेव्हा पाणी शिरेतूनच जायला हवं.

हळद-दुधाचं एका वाक्यात सांगते: दूध सुटलेल्या कुत्र्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारा रस कमी होत जातो, न पचलेली ती साखर आतड्यात पाणी ओढते, म्हणजे जुलाबांवर आपण जुलाबच पाजतो. चमचा-दोन चमचे साधं दही बहुतेकांना चालतं.

माणसांच्या गोळीकडे मात्र थांबून पाहायला हवं. ती आतड्याची हालचाल मंद करते. शी थांबते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि जे बाहेर पडायला हवं होतं ते विष, ते जंतू आतच मुक्काम करतात. काही कुत्र्यांत, विशेषतः कोली जातीत आणि तिच्या संकरात, एक जनुकीय दोष असतो. त्यांच्यात हे औषध थेट मेंदूपर्यंत पोचतं आणि कुत्रं झिंगल्यासारखं पडतं.

त्याहून मोठी भीती अडकलेल्या वस्तूची. मे महिन्यात आपल्या अंगणात मानकुराद आंब्याच्या बाठी पडलेल्या असतात आणि कुत्री त्या चघळता चघळता अख्ख्या गिळतात. बाठ लहान आतड्यात अडकली की सुरुवातीला तिच्या बाजूनं पातळ शी येतेही. जुलाबच म्हणून आपण गोळी देतो. तोवर बाठीच्या दाबानं आतड्याचा तेवढा भाग काळा पडत जातो. नारळाचं सोडण, मक्याचं कणीस, शिजवलेली हाडं, गळासकट गिळलेली मासळी, सगळ्यांची तीच कथा. पाणीसुद्धा ओकून टाकतोय, पोटाला हात लावू देत नाही, शी बंद झालीय, असं दिसलं तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी त्याच दिवशी व्हायला हवी.

आणि पोट दुखत असेल म्हणून घरातली अंगदुखीची गोळी? ती तर नकोच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात आणि लहान आतड्यात व्रण पडतात, शी डांबरासारखी काळी होते. ते काळं म्हणजे पचलेलं रक्त.

जंतांच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. आपल्या दमट हवेत, ओल्या रेतीत अंकुशकृमींच्या अळ्या सुखानं जगतात. कुत्र्याच्या पायाच्या कातडीतून शिरतात, पिल्लाला आईच्या दुधातूनही मिळतात, आणि लहान आतड्याला चिकटून रक्त पितात. किनाऱ्यावर अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या कातडीखाली वळवळती लाल रेघ उमटते, ती याच अळ्यांची. तेव्हा जंतांचं औषध वेळेवर हवंच. पण जुलाब म्हणजे जंतच, हे चूक. साध्या एका मात्रेनं जिआर्डिया (आतड्यातला एकपेशीय परजीवी) जात नाही, पार्व्हो जात नाही, स्वादुपिंडाचं दुखणं जात नाही. शी तपासायला फारसा खर्च येत नाही. काड्यापेटीएवढ्या डबीत ताजा नमुना न्यायचा. एकदा काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, अंडी रोजच पडतात असं नाही, दोन-तीन दिवसांचे नमुने द्यावेत.

आता जे मेसेजमध्ये नाहीच, आणि ज्यापायी आमच्या शेरूचे चार महिने वाया गेले, ते सांगते. जुलाब लहान आतड्याचे की मोठ्या आतड्याचे, हे शी बघून बरंचसं कळतं. मोठं आतडं बिघडलं की कुत्रं पुन्हा पुन्हा बसतं, कुंथतं, थोडी थोडी शी करतं, शेंबूड असतो, कधी ताजं लाल रक्त. लहान आतडं बिघडलं की शीच्या वेळा फारशा वाढत नाहीत, पण एकेका वेळची शी ढीगभर असते, पोट गुरगुरतं, आणि वजन उतरतं. अन्न अंगी लागतं ते लहान आतड्यात.

शेरू भरपूर खायचा आणि वाळत चालला होता. २१ किलोंवरून १६ वर आला. एका दवाखान्यात दर वेळी तीच अँटिबायोटिकची गोळी मिळायची. आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. साध्या जुलाबांत अशा गोळ्या शक्यतो टाळाव्यात असं आता मानलं जातं, कारण त्या आतड्यातल्या उपयोगी जंतूंचाही बराच काळ नाश करतात. तीन आठवड्यांहून जास्त चाललेले जुलाब हा निराळाच आजार समजून मुळापासून तपासावा लागतो, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. शी, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, बी-१२ आणि स्वादुपिंडाची चाचणी असं सगळं त्यांनी मागवलं. खूप खाऊनही वाळणाऱ्या कुत्र्यात, जर्मन शेफर्डमध्ये तर आवर्जून, पाचकरस बनवणारं स्वादुपिंड तपासतात. त्याचं सुमारे ९० टक्के काम बंद पडेपर्यंत बाहेर काही दिसत नाही, आणि मग प्रत्येक जेवणात पाचकरसाची पूड कालवावी लागते. अल्ब्युमिन फार उतरलं असेल तर आतड्यातून प्रथिनं गळताहेत, पोटात पाणी साचू शकतं.

शेरूचं स्वादुपिंड ठीक निघालं. बी-१२ मात्र अगदी खाली होतं. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, तिथली सूज उतरेपर्यंत खाण्यातून पुरेसं मिळत नाही, म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. आणि आहार बदलला. अशा जुनाट जुलाबांतली बरीच कुत्री नुसत्या आहारबदलानं सुधारतात, आणि सुधारणार असतील तर बहुधा दोन आठवड्यांत फरक दिसतो. अट एकच: कुत्र्यानं पूर्वी कधी न खाल्लेलं प्रथिन. परदेशी याद्यांत त्यासाठी मासळी सुचवलेली असते. गोव्यातल्या कुत्र्याला मासळी नवी कुठली? शेरू जन्मापासून बांगड्याची डोकी आणि कढी-शीत खाऊन वाढलेला, कोंबडीही ओळखीची. प्रथिनं बारीक तुकड्यांत फोडलेलं खास खाद्य मिळतं, पण ते आम्हाला परवडेना. शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्यानं चरबी काढलेलं डुकराचं मांस आणि रताळी. आमच्या स्वयंपाकघरात ते कधी शिजलं नव्हतं. सासूबाईंनीच परसात तीन दगडांची चूल मांडली आणि म्हणाल्या, “मुक्या जिवाचं औषध ते, त्यात विटाळ कसला?”

ते दोन आठवडे वाड्यावर घरोघर जाऊन मी सांगून आले की शेरूला बिस्किटाचा तुकडाही देऊ नका. एका तुकड्यानं सगळी परीक्षा फुकट जाते. दहाव्या दिवशी शी बांधून आली. पुढे कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं डॉक्टरांकडून नेमून घेतली, नुसत्या मांस-रताळ्यांवर कुत्रं वर्षभर ठेवता येत नाही.

राहिला गवताचा आणि गावठी कुत्र्याचा मुद्दा. गवत खाणं हे कुत्र्याचं नेहमीचंच वागणं आहे. कॅलिफोर्नियात दीड हजारांवर कुत्रेमालकांची पाहणी झाली होती, ती २००८ मध्ये छापून आली. गवत खाण्याआधी आजारी दिसणारी कुत्री दहातल्या एकाहूनही कमी होती, आणि खाल्ल्यावर ओकणारी चारातल्या एकाहून कमी.

गावठी पिल्लाला लस लागत नाही, हे वाक्य मात्र जीव घेणारं आहे. पार्व्होचा विषाणू लहान आतड्यात नव्या पेशी जिथे जन्मतात तोच थर नासवतो. मग उलट्या, कुजकट वासाची रक्ताळ शी, आणि आतड्यातले जंतू थेट रक्तात. त्याला जात कळत नाही. सहा-आठ आठवड्यांना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढच्या, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेतोवर लस नीट लागू पडत नाही, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं.

ज्या घरातलं पिल्लू गेलं, तिथली मुलं आता दुसरं आणायचं म्हणतायत. विषाणू अंगणाच्या मातीत वर्षभरही टिकतो आणि नुसत्या फिनेलला दाद देत नाही. मी त्यांना सांगितलंय: फरशी आधी साबणानं घासा, मग एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी घालून दहा मिनिटं ओली ठेवा, जुनी भांडी-गोणपाट टाकून द्या. आणि नवं पिल्लू आणायचंच तर सगळ्या लसी झालेलं, चार-पाच महिन्यांचं आणा.